हिशेबनिसाच्या वहीतून

आमच्या क्लबाकडे क्लब आहेत तीनच.
एक मगदूम डॉक्टरांनी बेळगावहून आणलेला,
एक कुणाच्या तरी जावयाचा राहून गेलेला,
तिसऱ्याची मूठ निघालीय,
तिथं सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलीय.

जानेवारीतला दुसरा रविवार.
हरिपूरच्या अलीकडं, चौगुले वकिलांच्या पडीक रानात
सहा भोकं. नऊ पाडायची होती,
पण तीन ठिकाणी काळ्या मातीनं
पावडरीचा डबा धरून ठेवला नाही.
हिरवळ म्हणजे हरळी. बाकी सगळी धसकटं.
निशाणं हळदीच्या पोत्यांची कापून केलेली,
वाऱ्यावर आडत दुकानाचं नाव उलटंसुलटं होतं.

मी फटके मोजते.
वर्गणी दीडशे, भडंग धरून.
आवटीबाईंचे पहिल्या भोकाला चौदा.
चौगुल्यांचे अकरा, त्यांच्या मते नऊ.
मी दहा लिहिले.

निशाण धरायला रावसू हुलवान.
पंचाहत्तरी गाठलेला, टोपी कडक, चप्पल नाही.
पूर्वी पेवात उतरायचा.
हळदीची पेवं, ह्याच मातीत,
तोंड घागरीएवढं अन् पोट घराएवढं.
झाकण काढलं की आधी कंदील सोडायचा दोरीनं.
कंदील विझला तर सगळ्यांनी लांब बसायचं, बिडी ओढायची,
जळत राहिला तर रावसू आत.
पाच सालच्या पुरात पाणी शिरलं.
पेवं गेली.
रावसू त्यावर एवढंच बोलतो, "गेली."

चौथ्या भोकाला आवटीबाईंचा चेंडू
एकाच फटक्यात आत.
बारा वर्षांत पहिल्यांदा.
त्या धावल्या, गुडघा विसरून,
वाकल्या, हात घालणार
तोच रावसू ओरडला,
"बाई, हात नको! आधी दिवा सोडा."

सगळे हसले.
शिकलगारभाईंच्या तोंडातले शेंगदाणे उडाले.
रावसू हसला नाही.
त्यानं खिशातून काडेपेटी काढली,
शेवटची काडी होती,
ओंजळीत पेटवली, डब्यात सोडली
आणि आमच्याकडं पाठ करून
ती विझेपर्यंत बघत राहिला.
वीतभर खोल भोक.
मग म्हणाला, "घाला आता."

बाईंनी चेंडू काढला, हुंगला,
"हळदीचा वास येतोय?" म्हणत माझ्या नाकाशी धरला.
मला मातीचा आला. मी हो म्हणाले.

नंतर सायकली, संगमापर्यंत.
आमचा नियम असा की जो पहिला पोचेल
त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा.
त्यामुळं बारा सायकली चिंचांच्या सावलीतून
अशा चाललेल्या की मागून आलेल्या म्हशींनी
आम्हाला ओलांडलं.
डॉक्टर ब्रेक दाबून पॅडल मारत होते.
वांग्याच्या वाफ्यातून एका पोरानं विचारलं,
"कोण वारलं काय?"

रावसू डॉक्टरांच्या कॅरिअरवर, उलटा बसलेला,
म्हणजे आमच्याकडं तोंड करून.
रस्त्याच्या कडेला बोट दाखवत होता.
इथं एक. त्या गोठ्याखाली दोन.
ह्या वळणावर तर ओळीनं, अगदी रस्त्याच्या पोटात.
"बुजवलीत ना पण?" चौगुल्यांनी विचारलं.
"बुजवलीत की. वरनं."

कुणी काही बोललं नाही.
पण मी सगळ्यात मागं होते, मला दिसलं,
त्या वळणावर एकेक जण
सीटवरनं जरासा उचलला गेला,
वकीलसुद्धा,
जणू तेवढ्यानं वजन कमी होतं.
मीही उचलले गेले.

पहिला कोण पोचला यावर वाद झाला.
चाक डॉक्टरांचं, पण पाठ रावसूची आधी पोचली होती.
शेवटी चहा क्लबाच्या खात्यातून.

खर्च:
चहा, तेरा कप.
पंक्चर एक.
भडंग दोन किलो, कांदा वेगळा.
काडेपेटी नवी, रावसू हुलवान यांस, रुपये दोन.
ऑडिटर विचारेल.
विचारू दे.