श्वास धरा, हलू नका

रायबंदरच्या कॉजवेवर
एकोणतिसाव्या किलोमीटरची पाटी मागे पडल्या पडल्या
डाव्या नडगीत काहीतरी बोललं.
मोठ्याने नाही.
सुकी काडी कापडात गुंडाळून मोडावी, एवढंच.
तरी आणखी चारशे पावलं मी मोजली,
लंगडत, वेळेचा हिशेब करत,
जणू बावीस वर्षं दुसऱ्यांची हाडं उजेडात धरून पाहणाऱ्या बाईला
कळलंच नव्हतं ते काय म्हणालं.

मग कठड्यावर बसले.
एकीकडे मांडवी, दुसरीकडे मिठागरं,
त्यांत अजून नुसतं पाणी, मीठ लांब.
बांधावर चिखल थापणारा एक म्हातारा
माझ्या छातीवरच्या आकड्याकडे बघून म्हणाला,
"धांवपाक पयशे दिले?"
"अठराशे."
त्याने जिभेने चक् केलं
आणि पुन्हा चिखलाकडे वळला.
त्या सकाळी मला आवडलेलं एवढंच एक बोलणं.

बाकी सगळे चांगलं बोलत होते.
पळता पळता हात हलवत,
कम ऑन मॅडम, थोडंच राहिलं.
थोडंच नव्हतं. तेरा किलोमीटर होते.
त्यांच्या चांगुलपणाने जेवढं सोललं
तेवढं नडगीने नाही.

मला उचललं त्या गाडीचं काम
शेवटच्या धावणाऱ्यामागून सावकाश जायचं.
आत एक पोरगा पिशवीत ओकत होता,
ड्रायव्हर फोनवर तियात्राची तिकिटं ठरवत होता.
समोरच्या काचेत एक बाई,
माझ्याच वयाची, सलवारीवर बूट,
धावत नव्हती, चालत होती, चालतही नव्हती धड.
मी मनात म्हटलं,
थांब. थांब गं बाये,
तूही ये, बस इथे माझ्याशेजारी.
म्हटलं खरं. लपवून काय करू.
ती थांबली नाही.
मिरामारपर्यंत मी तिची पाठ पाहिली.

सोमवारी माझ्याच खोलीत, माझ्याच टेबलावर
मी आडवी.
आनाक्लेतने पाय सरळ केला
आणि आडोशामागून ओरडला,
श्वास धर, हलू नको.
पायाच्या फोटोला श्वास धरायचा नसतो.
तो सवयीने म्हणाला.
मीही धरला.

केसाएवढी रेघ.
मी बोट ठेवलं असतं नेमकी तिथेच.
"आठ आठवडे," तो म्हणाला,
आणि दुसरं काही सुचेना म्हणून
डब्यातला अर्धा दोदोल पुढे केला.

घरी रडले नाही.
रडले ते तिसऱ्या आठवड्यात,
पलंगाखालून एक मोजा निघाला तेव्हा,
टाचेला अजून ती लाल माती.
नवऱ्याने विचारलं, दुखतंय?
हो म्हटलं.
तेच सोपं होतं.

मार्चात ड्युटीवरून सुटून
बसमधून कॉजवेवर मध्येच उतरले.
पाटी नव्हती, चुन्याची खूण नव्हती.
मिठाचे ढीग होते, वर झावळ्या टाकलेल्या.
म्हाताऱ्याने मला ओळखलं नाही.
गुडघाभर गुंडाळलेली पँट, पाय पांढरे,
भेगांत मीठ बसलेलं,
आणि मी त्याच्या पायांकडेच बघत राहिले, धंद्याची खोड.
दोन किलो घेतलं.
"कितले?"
"साठ."
घासाघीस केली नाही.

मग पिशवी खांद्याला अडकवून
पणजीच्या दिशेने चालू लागले.
मोजायचं नाही असं ठरवलं होतं.
चारशे झाली.
नडगी गप्प होती,
रोग्याला सांगितल्यावर तो असतो तशी,
श्वास धरून.
मागून मेरशीची बस आली.
मी हात केला.