थंड घाम

शेवंती, उद्या तुझी तोंडी परीक्षा, म्हणून सांगते.
पुस्तकातला छातीदुखीचा माणूस
डाव्या छातीवर मूठ धरून वाकलेला असतो,
पन्नाशीचा, अंगात कोट.
चोपड्याच्या कॅज्युअल्टीत
तसा कोट मी दोन वर्षांत पाहिला नाही.

आमच्याकडे आली सुपडाबाई.
वैशाखातली दुपार, पारा चव्वेचाळीस,
मुलाच्या मोटरसायकलवर मधे बसवलेली,
मागून सुनेने आवळून धरलेली.
बिबडे घालता घालता उठून आली होती.
बोटांवर ज्वारीचा घाटा वाळून पापुद्रा झालेला,
इतका, की ऑक्सिमीटर आकडाच देईना.
मी ओल्या गॉजने तिचं नख पुसत बसले.

"छातीमा काहीच नही वं पोरी,
दात दुखी ऱ्हायनात. खालतला जबडा."
मुलगा म्हणाला, "गॅसेस शेतस, सोडा पाजा तिले."
आणि केसपेपरवर मी लिहिलं, दातदुखी.
माझ्याच अक्षरात आहे ते.

फेगडे सिस्टर आल्या. काही विचारलं नाही.
तिच्या कपाळाला उलटा हात लावला,
आपण माठाला लावतो तसा.
म्हणाल्या, घाम इथं सगळ्यांनाच आहे,
शिपायाला आहे, भिंतीला आहे.
हा थंड आहे.
ईसीजी काढ.

लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या,
हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या,
हे तुला पाठ आहे.
पदर बाजूला करताना तिने डोळे मिटले,
मीही अर्धे मिटले,
म्हणून चौथी चकती बोटभर खाली लागली.
पुन्हा लावली.
लाजायचं नसतं गं, पण तिला लाजू द्यायचं असतं.

कागद सरकत बाहेर आला.
दोन, तीन, एव्हीएफ :
रेघ वर चढलेली आणि खाली यायचं विसरलेली.
होस्टेलच्या गच्चीवरून सातपुडा दिसतो ना, तशी.
मी धावत सॉर्बिट्रेट आणली, जिभेखाली ठेवणार,
डॉक्टरांनी मनगट धरलं, माझं.
आधी बीपी.
नव्वद-साठ.
गोळी माझ्या मुठीत विरघळायला लागली होती.
अ‍ॅस्पिरिन मात्र तिने चावून खाल्ली,
दुखऱ्या जबड्याने,
आणि म्हणाली, "कडू शे."

एकशे आठ जळगावकडे निघाली.
तापीच्या पुलापर्यंत तिचा हात माझ्या हातात,
आणि तिला एकच काळजी :
"पोरी, मना घाटा चुल्हावर शे."

परतल्यावर सिस्टर चहा फुंकत बोलल्या.
त्यांच्या घरी केळी आहे, तुला माहीत आहे.
ठिबकची नळी वरून काळी, धडधाकट दिसते,
आत क्षार धरत जातो, वर्षानुवर्षं.
टोकाचं झाड दुपारी मान टाकतं,
संध्याकाळी परत उभं राहतं,
आणि आपण म्हणतो, ऊन होतं.
दादरा चढताना भरणारी,
बसलं की ओसरणारी छाती ती.
ज्या दिवशी संध्याकाळीही पान उठत नाही,
तो दिवस निराळा.
मी विचारलं, नळीत आम्ल सोडून क्षार धुतात ना?
त्या म्हणाल्या, नळीत.

उद्या बाहेरून आलेल्या मॅडम लक्षणं विचारतील.
छाती सांगशीलच.
जबडा सांग, पाठ सांग, बेंबीवरची जळजळ सांग,
साखरेच्या आजाराचा माणूस, ज्याला काहीच दुखत नाही, तो सांग.
बायका उशिरा येतात, हे विचारलं नाही तरी सांग.

सुपडाबाईचं पुढे काय झालं, मला कळलं नाही.
फोन दोनदा केला, रिंग गेली.
केसपेपरची आमची प्रत मात्र कपाटात आहे.
दातदुखीवर मी काट मारायला गेले, दाट,
काहीच दिसू नये अशी.
सिस्टरांनी पेन काढून घेतलं.
खोडायचं तर एकच रेघ,
खालचं वाचता यायला हवं.
बाजूला वेळ घाल,
आणि सही.