कानोसा

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर,
मूठ कानामागच्या हाडाला टेकवलेली,
डोळे मिटलेले:
असा एकतीस वर्षं उभा होतो मी
अदिस अबाबात, मर्काटोमागच्या गल्लीत,
आणि निळ्या-पांढऱ्या लाडा टॅक्स्या
आपापली दुखणी माझ्या कानात सांगायच्या.
तिसरा व्हॉल्व्ह ढिला.
रिंगा गेल्यात.
मालक म्हणतो तेल बदललं, बदललेलं नाही.
माणसं खोटं बोलायची. गाडी कधीच नाही.

मग रेडिओवर सांगितलं,
पेट्रोलच्या नव्या गाड्या आता देशात यायच्या नाहीत.
आमच्या गल्लीत क्षणभर कुणी पाना उचलला नाही.
अस्काला कॉफी ओतता ओतता म्हणाली,
बरं झालं, माझ्या कपांवरची काजळी जाईल.
नूरहुसेनकडे तीन खोल्या भरून कार्ब्युरेटर.
याचं काय आता लोणचं घालू?
त्याने मलाच विचारलं,
जणू बातमी मीच वाचली होती.

मी हसलो नाही.
माझे हात काळे होते.
या काळ्या हातांनीच घर बांधलं,
लेमलेमची फी भरली,
आणि याच काळ्या धुरात तिची आई
दहा वर्षं खोकत
दारात भाजी निवडत बसायची.
दोन्ही गोष्टी एकाच नळीतून बाहेर आल्या.
कुणाला शिव्या द्याव्यात, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मुलुगेताने कर्ज काढून चिनी गाडी घेतली.
पूर्वी तो पेट्रोलच्या रांगेत झोपायचा, उशाला कॅन घेऊन.
आता चार्जिंगच्या रांगेत झोपतो,
वीज गेली की उठून शिव्या घालतो, पुन्हा झोपतो.
म्हणतो, फरक आहे गेताहुन,
इथे वास नाही,
त्यामुळे स्वप्नं पडतात.

एका मंगळवारी त्याने ती माझ्या दारात आणली.
आली कधी ते कळलंच नाही.
बॉनेट उघडलं तर आत
एक झाकण, आणि त्या झाकणाखाली आणखी एक झाकण,
जाड नारिंगी वायरी.
सवयीने हात गेला.
अब्बाये, हात लावू नका!
लेमलेम ओरडली, चारशे व्होल्ट आहेत.
उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी
गाडीला हात लावू नका म्हणालं,
आणि तेही माझ्याच लेकीने,
माझ्याच गॅरेजात,
कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून.

पडद्यावर सगळी चिनी अक्षरं.
ती त्यातली चाळीस ओळखते:
बॅटरी. धोका. थांबा. पुन्हा प्रयत्न करा.
तिने केबल जोडली, लॅपटॉपकडे पाहिलं,
म्हणाली, काही बिघाड नाही.
मुलुगेता म्हणाला, आहे. काहीतरी रडतंय.
ती म्हणाली, नाही.

मी भिंतीवरचा स्क्रूड्रायव्हर काढला.
गाडी जॅकवर चढवली, मागचं डावं चाक हाताने फिरवलं,
टोक टेकवलं खाली, मुठीला कान,
डोळे मिटले.
किती शांतता होती ती!
इतकी वर्षं इंजिनाच्या गोंगाटात
बुडून गेलेलं काहीतरी त्या शांततेत
स्पष्ट ऐकू आलं,
तांदळात खडा लागावा तसं.
बेअरिंग, म्हणालो.
लेमलेमने स्वतः कान लावला.
बराच वेळ लावला.
मग हातमोजे काढून तिने
बेअरिंग हा शब्द वहीत लिहिला, चिनीत कसा लिहितात ते शोधून.

मुलुगेताने पैसे मोजले.
फार नव्हते.
एका गाडीला बेअरिंगं असून असून किती असणार,
आणि ती अशी कितीदा जाणार?
रात्री मी हिशेब मांडला, जमेना.
पुन्हा मांडला.
बाहेर रस्त्यावरून काहीतरी गेलं,
अस्कालाचं कुत्रं तेवढं भुंकलं.
मला वाटलं, पुढचं उजवं.