गळकं

रजिस्टरात माझी सही आहे.
रोज. सहा वाजून दहा मिनिटं. टीसीएल एक किलो.
शाई निळी, अक्षर बरं.
ग्रामसेवक म्हणायचे, तलाठ्यापेक्षा पाणीवाल्याचं वळण चांगलं.

पोत्यातली पावडर गेल्या दिवाळीतच दगड झाली होती.
वास उडालेला. मी हुंगून पाहायचो,
टाकीत खडा टाकायचो,
खडा बुडायचा. व्हॉल्व्ह फिरवायचो.
अनेरचं पाणी गावात जायचं,
जसं होतं तसं.

भादव्यात दवाखान्याच्या ताईंनी बाटल्या आणल्या,
बोटाएवढ्या, तळाशी चहाच्या रंगाची पट्टी.
पाणी भर, झाकण लाव, रात्रभर उबेत ठेव.
अकरा बाटल्या जुन्या गोधडीत गुंडाळल्या.
सकाळी सोडल्या तर नऊ काजळ.
त्यातली एक माझ्या घरची.

तेव्हा वरच्या आळीतली तीन पोरं
चोपड्याला सलाईनवर होती.
रतिलालची धाकटी परत आली ती
मनगटावर चिकटपट्टीचा डाग घेऊन.
माझ्याकडे पाहून हसली.
तिला रजिस्टरातलं काही माहीत नव्हतं.

ताई म्हणाल्या, मातीत भुसा मळायचा,
भट्टीत भुसा जळून जातो,
त्याची बारीक बारीक जागा तेवढी राहते.
पाणी त्यातून झिरपतं, घाण वर अडते.
फक्त तसं मडकं करणारा कुंभार पाहिजे.

कुंभार एकच. धुडकूबा.
पन्नास वर्षं प्रत्येक मडकं टिचकी मारून विकलेलं.
ऐकून घेतलं त्याने, बिडी विझवली.
"गळस ते मडकं कसानं?
लोके माले हासतीन."
आणि चाकाकडे तोंड करून बसला.

दोन दिवस मी नुसता जाऊन बसलो.
तिसऱ्या दिवशी सांगितलं त्याला,
पोत्याचं, सहीचं.
बायकोलाही सांगितलं नव्हतं.
तो चिखल तुडवत होता, तुडवत राहिला.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
"भुसा कसाना? सागना का निंबना?"

सागाचा आणला, सॉ मिलमधून,
मैद्याच्या चाळणीने चाळून.
पहिल्या आव्यातली मडकी हातातच ढासळली.
दुसऱ्यातल्यांतून पाणी धो धो.
तिसऱ्यातली थेंब सोडेनात.
मापटं बदललं, पऱ्हाट्या बदलल्या,
शिव्या त्याच राहिल्या.

चौथा आवा उकरला तेव्हा थंडी पडली होती.
बादलीच्या तोंडावर मडकं बसवलं,
मडक्यात नदीचं गढूळ.
आम्ही दोघं वाकून, बादलीला कान लावून.
टप्.
मग बराच वेळ काही नाही.
टप्.
धुडकूबा बोटांवर मोजत होता, ओठ हलवत.
गळती मोजायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.
तासाला दोन तांबे.

त्या रात्रीची बाटली गोधडीत ठेवली नाही.
बंडीच्या आत, पोटाशी घेऊन झोपलो,
म्हणजे झोपलो नाहीच.
उजाडलं तेव्हा चहाचा रंग चहाचाच होता.

आता बत्तीस घरांत ती टपटप आहे.
सगळ्या गावात नाही.
खालच्या आळीतले म्हणतात, चव मातीची लागते.
नवी पावडर आली, तिचा वास डोळ्यांत झोंबतो.
रजिस्टरची जुनी पानं तशीच आहेत.
एकदा फाडायला घेतली होती.

काल कौतिकबाई तरातरा आली,
डोक्यावरचं मडकं धुडकूबाच्या ओट्यावर ठेवलं,
ठेवलं कसलं, आदळलंच.
"रोख पैसा दिनात मी!
हाई गळतच नही!"

धुडकूबा तिच्याकडे बघत राहिला.
मग नारळाची किशी घेतली,
पाठ करून मडक्यातला गाळ घासायला बसला,
आणि त्याचे खांदे हलायला लागले.
मला आधी वाटलं, रडतोय.