कडी

ग्रँड फोर्क्सच्या अलीकडे, रेल्वे फाटकाच्या उंचवट्यावर
मागे ट्रेलरमध्ये काहीतरी फुटलं.
डेल्मर म्हणाला, "अंडी."
मी म्हटलं, "बरणी."
दोघांचंही खरं ठरलं.

दार उघडलं तर फ्रिज आ वासून उभा,
व्हिनेगरातल्या बिटांचा लालभडक ओघळ
पार पलंगाखालच्या बुटांपर्यंत.
नेमका त्याच वेळी थांबलेला पोलीस
टोपी सावरत म्हणाला, "कुणाला लागलंय का?"
"कडीला," डेल्मर म्हणाला.

खरंच. बोटभर पांढरं प्लास्टिक,
त्याचं नाक तुटलेलं.
एवढंसं नाक धरून होतं
लोणी, इन्शुलिन, अर्धा कांदा,
आणि एकवीस वर्षं.

हिल्सबोरोला आम्ही येतो साखर-बिटांच्या हंगामाला.
बारा तासांची रात्रपाळी,
ट्रकमागून ट्रक, डोंगराएवढा ढीग.
या वर्षी पाळी माझ्या एकटीची.
डेल्मरचे हात हल्ली
त्याला न विचारता हलतात.

दुकानदार फोनवर म्हणाला, हे मॉडेल आता बनत नाही.
डेल्मर म्हणाला, "आम्हीही,"
आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हसत बसला.

चार दिवस रबरी दोरी ताणून बांधली.
कपभर दुधासाठी रोज ती सोडायची.
याहून गाय बरी.

रविवारी ऊन तापलं. गरम बिटं ढिगात सडतात,
म्हणून काम बंद.
मी भाजी चिरायची जुनी पांढरी फळी घेतली,
तुटकी कडी तिच्यावर ठेवून पेन्सिलीने गिरवली.
शेजारच्या ट्रेलरमधल्या एउसेबिओने ड्रिल दिलं,
"सावकाश हं, घाई केली की हे वितळतं."

डेल्मर बॅटरी धरून बसला.
चाळीस वर्षं त्याने इंजिनं खोलली
अन् बॅटरी मी धरली,
"तिथे नाही, इथे! इथे!" ऐकत.
आता उजेड त्याच्या हातात
आणि थरथरता.
स्क्रू दिसायचा, नाहीसा व्हायचा, दिसायचा.
मी काही म्हणाले नाही.
उजेड आला की फिरवायचं,
पाव आटा, पाव आटा.

"दुसरी खाच विसरलीस," तो म्हणाला.
कसली दुसरी?
एवढ्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं:
एक खाच प्रवासाची, दार घट्ट.
दुसरी हिवाळ्याची.
फ्रिज बंद करून ट्रेलर शेडमध्ये लावला
की दार बोटभर किलकिलं राहावं,
आत बुरशी धरू नये म्हणून.
"गच्च बंद ठेवलं की वास येतो,"
तो स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत म्हणाला.

कापली दुसरी खाच. वाकडी झाली.
फळीवरच्या सुरीच्या रेघा
कडीवर तशाच राहिल्या,
कुठल्या कुठल्या गाजरांच्या.

लावली. दार लोटलं. खट्.
त्याने पुन्हा उघडायला लावलं. खट्.
मग स्वतः उठला, तळवा दारावर टेकवला.
आत बाटल्या किणकिणत राहिल्या,
कडी सुटली नाही.

सोमवारी रात्री पुन्हा ढीग.
सकाळी सहाला परतले, बोटं गारठून चिखलाची झालेली.
टेबलावर चार उकडलेली अंडी,
एक फुटलेलं.
ते त्याने स्वतःच्या बशीत घेतलं होतं.