हातासरशी

वार्सेनिकच्या दारावर अकरा वर्षं जी थाप पडत आली
ती बहुतेक वेळा माझीच.
आता सांगायला हरकत नाही.
आमच्या ग्युम्रीत थंडी सहा महिने मुक्काम ठोकते
आणि मला एकटीला कॉफी पिववत नाही.

"कामात होतीस?" मी विचारायचे,
तिच्या भुवयांवर दगडाची पिठी दिसत असूनही.
"छे, कसलं काम!" ती म्हणायची,
आणि छिन्नी जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवायची,
झोपलेलं मांजर उचलून बाजूला ठेवावं तशी.

अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली तो काळा दगड.
तिच्या बापाचा. बाप अक्षरं कोरायचा;
टेकडीवरची अर्धी स्मशानभूमी त्याच्याच हातची.
मुलीला मात्र त्यानं वीज कंपनीत चिकटवलं.
दिवसभर बिलांवर शिक्के, संध्याकाळी दगडासमोर पाट,
आणि ती बसली रे बसली की
मी.

हातासरशी एवढं मीटर वाचून दे, मला दिसत नाही.
हातासरशी या बरण्यांची झाकणं आवळ.
हातासरशी माझा कप उलटा करून बघ गं,
गाळात कुठला रस्ता उमटलाय का.

मी नसले तर मॉस्कोहून भाच्याचा फोन.
त्याला पैसे नको असायचे, नुसतं बोलायचं असायचं.
फोनही नसला तर ती आपणहून उठायची,
खिडकीच्या काचा पुसायची.
पुसलेल्या काचा परत पुसायची.
माझ्या स्वयंपाकघरातून सगळं दिसतं,
म्हणून म्हणते, सगळंच पाप माझ्या पदरी घालू नका.

अकरा वर्षांत त्या दगडावर दीड अक्षर.

मग फेब्रुवारीत माझा भाऊ गेला, सेड्राक.
जमीन इतकी गोठलेली की खणणाऱ्यांनी आधी शेकोटी पेटवली.
चाळीस दिवस झाल्यावर मी तिच्या दारात गेले
आणि थाप मारायची राहूनच गेली.
तिनंच दार उघडलं.
"सेड्राकचं नाव," मी म्हटलं, "हातासर..."
आणि शब्द माशाच्या काट्यासारखा अडकला.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.
"हे हातासरशी व्हायचं नाही, हायकानुश."
कॉफी विचारली नाही.
दार लावलं, अगदी हळू,
कणकेवर फडकं झाकतात तसं.

राग आला. खोटं कशाला बोलू?
तिथेच पायरीवर धुसफुसत उभी होते
तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरची अझ्निव वाटी घेऊन आली,
मिठासाठी.
"ती कामात आहे," मी म्हटलं.
माझ्या तोंडात ते वाक्य
नव्या कवळीसारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी घरून स्टूलच आणलं.
गॅसवाल्याला परत पाठवलं.
छपराची वर्गणी मागणाऱ्या पाद्र्याच्या बायकोलाही.
फोन वार्सेनिकनं खिडकीतून माझ्या ओटीत टाकला,
भाच्याशी आता मीच बोलते;
त्याच्या बायकोला सातवा महिना लागलाय.
आतून टक्, टक्, टक्.
मध्येच फार वेळ शांतता झाली
तर मला काचांची शंका येते.
मी मोठ्यानं खोकते.
टक्, टक्.

तोच दगड घेतलाय तिनं, बापाचा,
कप उलटा करावा तसा उलटा करून.
पहिलं अक्षर घोड्याच्या नालासारखं,
तोंड आभाळाकडे.
दुसरं जरा डावीकडे कललंय.
रात्री तिनं कंदील धरून दाखवलं, म्हणाली, चुकलं.
मी बराच वेळ त्यावर बोट फिरवलं.
सेड्राक काही सरळ चालणाऱ्यांतला नव्हता.

अजून चार अक्षरं राहिलीत.
थर्मासमधली कॉफी मी एकटीच पिते आताशा,
आणि कप धुऊन टाकते,
न बघता.