कोपर

क्रीडा खात्याच्या खिडकीत बाबू म्हणतो,
मॅडम, लिस्ट में तो नाम नहीं है.
आधार कार्डावर मी किरकिरे. तेव्हाची मुळ्ये.
यादीत मुळ्येही नाही.
पिशवीतून फोटो काढते.
मागची रांग बघा, उजवीकडून शेवटची.
तिथे नुसतं एक कोपर.
फोटोवाल्याच्या चौकटीत दहाच जणी मावल्या.
कोपर माझं.

सहा नंबरचे दोन शर्ट आले होते त्या वर्षी,
पुरुषांच्या मापाचे. बाह्या गुंडाळल्या,
म्हणून तर कोपर दिसतं.
रात्रीच्या गाडीत मिनतीनं एक सहा उसवला
आणि उलटा शिवला. झाला नऊ.
अशी मी फॉरवर्ड झाले.

तिकिटाचे पैसे आईच्या पाटल्यांचे.
अण्णांना सांगितलं, एन.सी.सी.चं शिबिर आहे.
इबेमचाला हिंदी येईना, मला तिची भाषा.
महिनाभर दोघी एकाच शब्दावर राहिलो: दे.
चेंडू दे. पाणी दे. चादर दे ना गं.

त्या परदेशी मैदानावर गवत होतं.
आम्हाला ठाऊक चिमणबागेचा मुरूम,
आणि पोरांचं क्रिकेट आटोपेपर्यंत
कडेला बूट मांडीवर घेऊन बसणं.
सरावात एकदा मुद्दाम पडून पाहिलं.
लागलंच नाही.
तशीच पडून राहिले जरा वेळ.

कितने गोल? बाबू विचारतो.
तीन खाल्ले. एक घातला,
इबेमचानं दिला म्हणून.
शिट्टी झाली तसे शर्ट मोजून परत घेतले,
ओलेच.
पुढच्या वर्षी तो नऊ कुणी घातला असेल,
की उसवून पुन्हा सहा केला,
कुणी लिहून ठेवलं नाही.
आम्हीही नाही. मी तर बत्तीस वर्षं
पोरींना लेझीम शिकवलं.

कोहनी से कैसे पहचानें?
मी ब्लाउजची बाही वर सरकवते.
हा बघा, हाडाजवळ काळा ठिपका.
मुरुमाचा खडा आहे, अजून आत. दाबला की हलतो.
भिंग लावलंत तर फोटोतही दिसेल.

तो दाबून बघत नाही. ड्रॉवरमध्ये
भिंग शोधतो, की शोधल्यासारखं करतो.
मागे रांगेत एक मुलगी,
बुटांच्या नाड्या गाठ मारून गळ्यात.
आंटी, दुखता है?
थंडीत, मी म्हणते.
ती आपलं कोपर पुढे करते.
आजचंच, लाल, माती भरलेली.

अगं, आधी धू ते.
नळ बाहेर आहे. चल, दाखवते.